पक्क्या खोलीतली बायको

चहा पाजलात म्हणून सांगतो, नाहीतर तुमचं फिदीफिदी हसणं ऐकायची मला हौस नाही.

साठ साल उलटलेलं. दुबईत आमच्या गल्लीत सगळे कोकणी बाप्ये, बायका रत्नागिरीला. आणि पक्क्या खोल्या मात्र फक्त कुटुंबवाल्यांना! एकट्यांनी झावळ्यांच्या झोपडीत भाजून मरायचं. माझ्या जोडीदाराने, हसनमियाने, दोरीवर एक बुरखा वाळत घातला आणि खोली मिळवली.

एक दिवस माणसं मोजणारा कारकून आला, सोबत घरमालक. हसनमियाने तोच बुरखा माझ्यावर टाकून मला चुलीपुढे बसवलं.

"बायको?"

"ती काय, आत."

"मुलं?"

"इन्शाल्ला, दोन महिन्यांत!"

कारकुनाने लिहून घेतलं. अख्ख्या गल्लीत बाई एकच भरली, ती मी.

मालक खूश. दुसऱ्या दिवशी त्याची म्हातारी आई माझ्यासाठी खजूर आणि तूप घेऊन आली. मी घाईघाईने बुरखा ओढून बसलो. मायेने तिने बुरखा वर केला. खाली माझी मिशी.

खलास! संध्याकाळी आम्ही परत झोपडीत.

खोली गेली, जाऊ दे. पण मला न विचारता सात महिन्यांची गरोदर केलं, त्याची माफी आजपर्यंत मागितली नाही त्या हसनमियाने.