आजोबांचं फरशीचं घर

हुएफा: हात लावू नकोस त्यांना! बाजूला हो.

दोसू: ताई, तू आत्ता पाराकूहून उतरलीस. बॅगसुद्धा खांद्यावरून काढली नाहीस. पाणी पी, मग ओरड.

हुएफा: पाणी गेलं खड्ड्यात. हे काय आहे?

दोसू: आजोबांचं घर. मी बांधलं. तू नव्हतीस तेवढ्यात.

हुएफा: निळ्या फरशा, पांढरा ऑइलपेंट, समोर खिडकी, वर रंगीत दिवे. दोसू, कुळाचे आजोबा म्हणून पुजले तरी अजगर आहेत ते. मंत्री नाहीत! माझं मडकं कुठंय?

दोसू: ते फुटकं?

हुएफा: हो, ते फुटकं. बाबांच्या वेळेपासून ज्याच्याखाली ते राहत होते, ते.

दोसू: टाकून दिलं.

हुएफा: टाकून दिलंस?

दोसू: मग काय करू? कोतोनूचे चुलतभाऊ आले होते. पाया पडायला वाकले तर समोर उपडं खापर. म्हणाले, अख्ख्या उइदात लोकांच्या कबरींना फरशा लावत फिरतोस आणि घरच्या आजोबांना खापराखाली ठेवतोस? मान खाली गेली माझी. जेवलेसुद्धा नाहीत नीट.

हुएफा: ते जेवले नाहीत याचं दुःख आहे तुला. आजोबा कधी जेवले शेवटचे?

दोसू: ते... करतात की अधूनमधून उपास.

हुएफा: कधी जेवले?

दोसू: तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी.

हुएफा: अडीच महिने! आणि मी फोन केला की, सगळं मजेत आहे ताई, तू बाळाकडे बघ!

दोसू: तू मुलीच्या बाळंतपणात. लांबून तुझ्या जिवाला घोर कशाला? उंदीर ठेवत होतो मी. बघायचेसुद्धा नाहीत त्याच्याकडे.

हुएफा: कसे बघतील? उपास वेगळा आणि धास्ती वेगळी. उपासाचा अजगर वेटोळं करून गप्प पडतो. हे नाक बघ, सोललंय. जाळीच्या दारावर घासलंय, त्या सिमेंटवर घासलंय. पळून जायची वाट शोधतायत बिचारे. आणि घराचं तोंड दाराकडे का केलंस?

दोसू: मग लोकांनी नमस्कार भिंतीला करायचा?

हुएफा: करू दे भिंतीला! त्यांना ना मागे टेकायला भिंत जवळ, ना वर अंधार. सकाळ-संध्याकाळ लोक वाकून वाकून तोंडासमोर तोंड आणतायत. तुला बसवू का असं बाजारात, टेबलावर?

दोसू: मोठं घर बांधलं ते मानानंच बांधलं ना? अपमान करायला बांधलं का?

हुएफा: थांब. पोटाखाली काय चिकटलंय हे?

दोसू: चिकटपट्टी असेल. वायरची. उन्हानं सुटली वाटतं. दे, ओढतो.

हुएफा: ओढशील तर हात मोडीन! कातडी येईल बरोबर. स्वयंपाकघरातून पाम तेल आण. बोटानं लावायचं, मुरू द्यायचं, आपोआप सुटते. जा ना, बघतोस काय!

आत्या: अगं, तुमचा आवाज थेट विहिरीपर्यंत येतोय. आजोबांसमोर असं भांडतात का?

हुएफा: आत्या, तुम्ही बघितलं हे?

आत्या: बघितलं. म्हणून तर आले. रविवारी मी त्यांना अजगरांच्या थोरल्या देवळात नेऊन सोडणार. तिथे बोललेय मी.

हुएफा: नाही.

आत्या: मला नाही म्हणतेस?

हुएफा: तुम्हाला नाही, आत्या. पण बाबांनी जाताना त्यांना माझ्या ओटीत घातलंय. बाबांचं आता या घरात तेवढंच उरलंय. बाकी सगळ्याला यानं फरशा लावल्यात.

आत्या: ओटीत घातलेलं कुणी असं सोडून जातं?

हुएफा: चुकलं माझं. पोरगी अडली होती, धावत गेले. वाटलं, सख्खा भाऊ आहे.

दोसू: हे घे तेल. आणि सख्खा भाऊ म्हणून टोमणे मारायचे असले तर तोंडावर मार.

हुएफा: तोंडावरच मारतेय. आत्या, संध्याकाळपर्यंत थांबा. मी जागा नीट करते. आजोबा आपणहून आत गेले आणि निवांत पडले तर राहू द्या. नाही गेले तर मीच उचलून तुमच्या हातात देईन.

आत्या: बोललीस बरं का. बसते मी आंब्याखाली.

हुएफा: दोस्या, ते घर फोड.

दोसू: फोडू? आठ दिवस खपलोय त्याच्यावर.

हुएफा: आठ दिवसांचं आठ मिनिटांत फुटतं. मी आजोबांना टोपलीत घेते. एकही तुकडा राहता कामा नये. फरशीची कड सुरीसारखी असते, तुला मी सांगायला हवं?

दोसू: फोडतो. फोडतो म्हटलं ना! आणि मग?

हुएफा: मग माझ्या भट्टीजवळची मडकी बघ, आणि एक घेऊन ये. न रंगवलेलं.

दोसू: हे?

हुएफा: त्यात बकरी मावेल! लहान आण. वेटोळं घातल्यावर अंग चारही बाजूंनी भिंतीला टेकलं पाहिजे. टेकलं की त्यांना वाटतं, कुणी मागून येणार नाही.

दोसू: हे तर अगदीच गरिबाचं दिसतं.

हुएफा: दिसू दे. पाण्यात बुडव आधी. भिजलं की तडकत नाही, धूळही उडत नाही. अरे, हातोडी कशाला घेतलीस?

दोसू: दार पाडायला.

हुएफा: हातोडीनं? गवंडी ना तू? कानशीनं काप, काठाला. सगळ्यात जाड पोट असतं तिथं माप घे आणि वर दोन बोटं धर. जेवून आल्यावर अडकायला नको.

दोसू: वर हवेला भोक ठेवू? नारळाच्या डोळ्याएवढं?

हुएफा: ठेवायचं तर करंगळीसुद्धा जाणार नाही एवढं. मधल्या मापाचं भोक म्हणजे फास. डोकं घालतात, अंग अडकतं, मागे येता येत नाही. बाबांनी एक असा गेलेला बघितला होता. दोन दिवस बाबा जेवले नव्हते.

दोसू: बाबा बाबा बाबा. सकाळपासून किती वेळा!

हुएफा: का? टोचतं?

दोसू: टोचतं. त्यांच्यासाठीसुद्धा मीच केलं सगळं. आजारी पडले तेव्हा मागच्या कोंदट खोलीतून पुढच्या खोलीत कुणी आणलं? नवा पलंग, पंखा. अख्खा गाव भेटून गेला. तू काय केलंस? पाय चेपलेस.

हुएफा: हो. पाय चेपले.

दोसू: मग?

हुएफा: काप मुकाट्यानं. आणि ती कड घास. अजून. मनगटाची आतली बाजू फिरव तिच्यावरून. ओरखडा आला?

दोसू: थोडा.

हुएफा: मग घास अजून. जोपर्यंत येतोय तोपर्यंत घासायचं.

दोसू: बघ आता. तुझंच मनगट फिरव.

हुएफा: हं. हात चांगला आहे तुझा. डोकं कुठे असतं देव जाणे.

दोसू: वाळूवर ठेवू?

हुएफा: वाळूवर नको. खाली उकरतील आणि मडकं अंगावर बसेल. आधी घट्ट जमिनीवर उपडं टेकव, हलवून बघ. मग भोवतीनं वाळू सार. दार भिंतीकडे.

दोसू: भिंतीकडे? म्हणजे कुणालाच...

हुएफा: कुणालाच. आणि ते दुसरं मडकं अर्धं काप, तिकडे सावलीच्या कोपऱ्यात ठेव. एक उन्हाच्या बाजूला, एक गारव्याला. त्यांना ऊन हवं की लपणं, असं निवडायला लावायचं नाही. कात टाकायची वेळ आली की त्या गारव्याच्या मडक्यात ओलं फडकं ठेवायचं. आता टोपली आण. हळू. आणि तोंड मिट.

(आजोबांना टोपलीतून सोडून त्यांच्या आवाराचं जाळीचं दार लावतात. तिघं लांब आंब्याखाली बसून राहतात. ऊन कुंपणापलीकडे जातं.)

आत्या: हलले का गं?

हुएफा: मडक्याला एक वळसा घातला. दुसरा घालतायत.

दोसू: डोकं आत गेलं. ताई, डोकं आत गेलं!

हुएफा: हळू बोल.

दोसू: सगळेच गेले. शेपटीचं टोकसुद्धा दिसत नाही.

आत्या: बऱ्याच दिवसांनी बसले गं शांत. राहू देत इथेच. देवळात मी काय ते सांगते. पण हुएफा, महिन्याभरात जेवले नाहीत तर मी पुन्हा येईन. मग हट्ट चालायचा नाही.

हुएफा: नाही करणार. या, आत्या. जपून, तुकडे पडलेत तिथे.

दोसू: गेल्या आत्या. ताई, आता तरी पाणी पी.

हुएफा: दे.

दोसू: एक विचारू? रागावू नकोस.

हुएफा: रागावलेलीच आहे. विचार.

दोसू: बाबांनी... मागच्या खोलीत परत न्या म्हटलं होतं का कधी?

हुएफा: तीनदा.

दोसू: मला का नाही सांगितलंस?

हुएफा: तिन्ही वेळा सांगितलं. एकदा तू पंखा बसवत होतास. एकदा मंडपवाल्याशी फोनवर बोलत होतास. तिसऱ्या वेळी तू नीट ऐकलंस, आणि म्हणालास, मागच्या खोलीत माणसं कुठे बसणार?