सुई न देणारा डॉक्टर

डॉक्टर कसा पारखावा, ते आमच्या दादांकडून, म्हंजी माझ्या वडलांकडून शिकावं! सत्तर सालानंतरची गोष्ट. तवा आमच्या गावात, धावड्यात, सुई देईल तोच डॉक्टर. भोकरदनला एक नवा आल्ता, पण तो सुई देत न्हाई अशी बोंब होती. घरासाठी आपला जुनाच डॉक्टर धरायचा का हा नवा? दादा म्हणले, "परीक्षा घेऊ." मंग माझ्या ठणठणीत चुलत्याला, तात्याला, तापाचं सोंग घ्यायला लावून दोघांकडं नेलं. मीबी गेल्तो.

जुन्यानं नाडी धरली, सुई टोचली, लाल औषधाची बाटली दिली. दादा खूश. "बघ, धडधाकट माणसातबी रोग हुडकला!"

नव्यानं तात्याला नीट तपासलं अन् म्हणला, "यांना काहीही झालेलं नाही."

दादांनी मला कोपरानं ढोसलं. "ह्याला काय कळत न्हाई. चल."

"थांबा," डॉक्टरनं दादांना अडवलं. "तुम्ही आल्यापासून माठापाशीच आहात. तहान फार लागते का?"

"उन्हाळा हाय, साहेब."

"तुमची लघवी तपासू."

साखर निघाली, भरमसाठ. डॉक्टर म्हणला, "वेळेवर आलात. आता घाबरायचं कारण नाही."

अन् खरंच, दादा पुढं पुष्कळ वर्षं जगले, त्याच डॉक्टरच्या भरवशावर. रोज सकाळी आई काचेची सिरिंज उकळून इन्सुलिन भरायची अन् म्हणायची, "द्या दंड इकडं. तुमचा डॉक्टर सुई देत न्हाई म्हणत होते ना लोक?"