आईनं खोडायला लावलेली ओळ

पुस्तक लिहायला वेळच मिळत न्हाई, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. मग चाकूरहून आई नांदेडला माझ्याकडं राहायला आली. पुस्तक तिच्यावरच हाय म्हटल्यावर रोज सकाळी चहा घेऊन समोर बसायची. "वाच, काय लिव्हलास?" शेवटी लाजेकाजेस्तव मी पाचला उठून लिहू लागलो.

एकदा वाचलं, "आम्हाला जेवू घालून आई उपाशीच झोपायची."

"खोड ते. मी तुमच्या आधीच खाऊन घ्यायची."

"आई, वाचणाऱ्याला तिथं रडू येईल."

"रडू येतंय म्हणून खोटं लिव्हतोस व्हय? उपाशी बाईला दिवसभर खुरपणं व्हतंय का?"

मी ओळ खोडली. तिला वाचता येत न्हाई, पण नीट खोडली का, ते तिनं चष्मा लावून बघितलं.