वाचलेली नऊ पावलं

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे आमचे प्लँट हेड साहेब, युनियनचे भीमराजभाऊ, आणि शिफ्ट संपवून समोशांवर नजर ठेवून बसलेल्या माझ्या मित्रांनो, सर्वांना या शफीचा सलाम आणि नमस्कार.

साहेबांनी आत्ता माझी भलतीच स्तुती केली. शफीभाईंनी एकतीस वर्षांत बेचाळीस कायझेन दिले, दर वेळी काम थोडं थोडं सुधारलं, म्हणाले. त्यातल्या एकाला ढाल मिळाली, तिच्याबद्दलच बोलतो. आमच्या मंडळी पहिल्या रांगेतून 'आवरा' म्हणून खुणावतायत, पण शेवटचा दिवस आहे, घ्या की ऐकून!

माझ्या ड्रिलिंग मशीनचे जॉब, म्हणजे भोकं पाडायचे सुटे भाग, ज्या रॅकवर असायचे, तो पूर्वी रोहिदासच्या मशीनपाशी होता. नऊ पावलं. तासाला तीन-चारदा मी जायचो, पेटी उचलायचो, दोन शब्द व्हायचे. "काय शफीभाऊ, बरं हाय न्हवं?" "आहे की!" बस, एवढंच. मग मी तो रॅक माझ्या मशीनला चिकटवला. पावलं वाचली, ढाल मिळाली, बोर्डावर फोटो लागला. सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील? रोहिदासनंच.

पुढं दोघांची पाठ एकमेकांकडे, कानात प्लग, जेवणाची सुट्टीही वेगवेगळी. एकदा तो पंधरा दिवस दिसला नाही. मला वाटलं, शिफ्ट बदलली असेल. परतला तो डोकं भादरून. त्याची बायको, गोजाबाई, गेली होती. सहा महिने आजारी होती म्हणे. मी म्हणालो, "अरे, सांगायचंस तरी!" तो म्हणाला, "कवा सांगणार? तू आता येतोस कुठं?"

नऊ पावलांवरचा माणूस, आणि मला पत्ता नाही? फार लाज वाटली, मित्रांनो. वर्षापूर्वी तो रिटायर झाला. तेव्हापासून माझ्या मशीनवर मी अगदी एकटा होतो, हे आज पहिल्यांदा बोलतोय. आजचं निमंत्रण त्याला दिलं होतं. बोलताना तीनदा दाराकडे पाहिलं मी. आला नाही.

साहेब, हा माझा त्रेचाळिसावा फॉर्म. 'पूर्वी'च्या रकान्यात लिहिलंय, रॅक मशीनजवळ. 'नंतर'च्या रकान्यात, रॅक नऊ पावलं लांब. उद्या माझ्या जागी वर्षाली उभी राहील, रोहिदासच्या जागी गणराज आहेच. 'फायदा' या रकान्यात काय लिहावं मला सुचलं नाही. तो तुम्ही भरा, पण फॉर्म मंजूर करा.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि आळंदीकडे जाणारं कुणी असेल, तर रोहिदासला एवढा निरोप द्या. उद्या सकाळी शफी येतोय म्हणावं, घरीच थांब.