नदीच्या पात्रातली बाळंतीण

ऐका. मधी बोलायचं नाही. ज्याला भीती वाटते त्यानं आताच उठून घरी जावं, मागनं मी पोचवायला येणार नाही.

आम्ही गलाईवाले. तेव्हा आमचं दुकान राजस्थानात, वाळवंटातल्या एका बाजारगावात होतं. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, धुवायचा, भट्टीत घालून सोन्याचा कण काढायचा. आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, असाच केर आणायला लांबच्या वस्तीवर गेलेले, आणि इकडं मला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. निरोप पोचला तेव्हा दिवस मावळलेला, गाडी गेलेली.

वस्तीवरचा म्हातारा मेंढपाळ हमीरजी म्हणाला, "सडकेनं जा. नदीतनं जाऊ नको."

"इथं कुठली आलीय नदी?"

"होती. काठानं गावं होती, गहू होता, उंटांचे तांडे उतरायचे. मग नदी आटली. एकेक गाव उठलं. आता वाळू आहे आणि एक विहीर. तिथं पाणी पी, पण सांडू नको."

सडकेनं आठ कोस, पात्रातनं चार. बायको अडलेली. ऐकतात होय? निघाले पात्रातनं.

चांदणं होतं. तासाभरानं विहीर लागली. दोर, पोहरा, सगळं जागेवर. आता बघा आपल्याकडची खोड. मालकांनी पोहरा ओढला, खळाखळा चूळ भरून थुंकले, तोंड धुतलं, पायावर पाणी ओतलं. मग प्याले, खांद्यावरची पाण्याची पिशवी, छागल, भरून घेतली. निम्मा पोहरा वाळूत. आपण रोज दारात हेच करतो की. तिथली माणसं खाटेवर बसून आंघोळ करतात आणि खाली परात ठेवून तेच पाणी जनावराला पाजतात.

पुढं निघाले तर मागं पावलं वाजायला लागली. हे थांबले की ती थांबायची. मग बैलांच्या घुंगरांचा आवाज, गाड्यांची रांगच्या रांग चाललीय, आणि दिसत काहीच नाही. पोरं रडतायत. मग पाणी खळाळलं. बघतात तर नदी दुथडी भरलेली, काठाला दिवे, ओल्या गव्हाचा वास. मालकांनी ओंजळ भरून तोंडाला लावली. वाळू. घसा भरला वाळूनं.

खोकत खोकत डोळे उघडले, तर पुढ्यात तीच विहीर. पुन्हा चालले. पुन्हा तीच विहीर. तिसऱ्यांदा पोहरा सोडला, तर तळाला खडखडला.

काठावर बाई बसलेली. ओठ फुटलेले, पोट पुढं आलेलं.

"गाव उठलं त्या रात्री मला कळा येत होत्या," ती म्हणाली. "चालवेना. उरलेलं पाणी माझ्यासाठी ठेवून गेले. मी जपलं. तू त्यानं पाय धुतलेस."

मालकांनी हात जोडले. "बाई, माझीपण बायको अडलीय. तिच्याकडंच निघालोय."

ती नुसती छागलीकडं बघत होती. जवळ पाणी तेवढंच. ऊन चढल्यावर त्याच्याशिवाय माणूस वाळवंटात टिकत नाही, हे मालकांना ठाऊक होतं. तरी त्यांनी छागल तिच्या तोंडाला लावली. सगळी. खाली एक थेंब पडला नाही.

तिनं एका ताऱ्याकडं बोट केलं. "त्याच्याखाली चाल. मागं बघू नको. आणि तुझी बायको पाणी मागेल, ते तिला दे."

उन्हं वर आल्यावर मालक घरात आले. जीभ सुजलेली. माझी पोर झालेली, मी तापानं फणफणलेली, पाणी पाणी करतेय, आणि दाई तांब्या लपवून बसलेली. बाळंतिणीला पाणी बाधतं म्हणे. मालकांनी तिच्या हातातनं तांब्या हिसकावला. स्वतः एक घोट घेतला नाही. आधी माझ्या तोंडाला लावला. म्हणून मी आज तुमच्यापुढं बसलेय.

पुढं गलाईला तिकडं गेलात, तर त्या पात्रातनं कुणी जाऊ नका. ती वाईट नाही, तहानलेली आहे. आमच्या मालकांकडं छागल होती. आणि बापू, मघाशी चूळ भरायला तू आख्खा तांब्या ओतलास, ते मी बघितलंय. तुझ्याकडं तिला द्यायला काय उरणार आहे?