नानांनी मतं मोजली तो दिवस

मंडळी, जरा सैल बसा, मीही दमलोय. पण एक सांगा — ज्याला खुर्चीच ऐकण्यासाठी दिली, त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तर पाप कुणाचं? खुर्चीचं? वा! तुम्ही निवडून याल!

तर ऐका. एका राज्यात विधान परिषदेचे सभापती होते — केरूनाना हाडवळे. तरुणपणी पाण्याच्या टाकीवर चढून भाषणं केलेला माणूस! सभापती झाले आणि अठरा वर्षं एकच वाक्य — "शांत बसा, शांत बसा!" बसलं का कुणी? आपल्या घरात बसत नाहीत हो, तिथं कोण बसतंय!

तिथली रीत अशी. विधेयक आलं की आधी 'होय'वाले ओरडणार, मग 'नाही'वाले. आवाजावरून निकाल! पण कुणी 'मतं मोजा' म्हटलं, की डोकी मोजावीच लागतात.

एका दुपारी विधेयक आलं — ठाकरवाडीचं गायरान एका रिसॉर्टला द्यायचं. त्या गायरानावर चाळीस घरं. सरकारचे निम्मे आमदार गेलेले मंत्र्याच्या मुलीच्या लग्नाला! उरलेल्यांनी त्यांच्याही वाटचं ओरडून घेतलं — "होय!"

शेवटच्या बाकावरून काशाबाई मेंगाळ उठल्या. त्याच वाडीच्या. "मतं मोजा, नाना!"

नानांनी ऐकलं. आणि म्हणाले, "विधेयक संमत. जेवणाची सुट्टी!"

काशाबाई थेट दालनात. नाना वरणभात कालवत होते.

"नाना, माझा आवाज पोचला नाही का?"

"पोचला."

"मग?"

"दमलो हो, बाई. मोजायला घेतलं तर माझी खुर्ची जाईल."

"तुमची खुर्ची जाईल. आमची चाळीस घरं जातील."

घास हातातच राहिला, मंडळी! नाना उठले. हात धुतले. सुट्टी संपल्यावर सभागृहात उभे राहून म्हणाले, "मघाशी मतं मोजायची मागणी झाली होती. मी ती ऐकली होती. चूक माझी. घंटा वाजवा!"

आमदारांना मतदानाला बोलवायची घंटा वाजली — पण वऱ्हाड अजून जिलबीवर! दोन मतांनी विधेयक पडलं.

आठव्या दिवशी नानांना हटवायचा ठराव आला. या वेळी सगळे हजर. मुहूर्त नव्हता ना कुठं!

नाना पिशवी घेऊन एसटीत बसले. शेजारच्यानं विचारलं, "काय करायचात, बाबा?"

"ऐकायची नोकरी होती. अठरा वर्षांत एकदाच केली."

हसलात? हसा. पण काल आई दोनदा म्हणाली, 'गुडघा दुखतोय रे' — तुम्ही टीव्ही मोठा केलात! सून म्हणाली, 'मला हे पटत नाही' — तुम्ही चप्पल घालून बाहेर! आई असो की सून, उद्या सकाळी चहाच्या आधी तिच्यापाशी बसा. विचारा, "काल काय म्हणत होतीस?" आणि तिचं संपेपर्यंत उठू नका.

जमेल? ... बघा, आता कशी शांतता झाली! चला, टाळ उचला.