आता गोष्ट मी सांगतो

तिरुवनंतपुरमच्या चित्रपट महोत्सवात, सकाळच्या खेळाच्या रांगेत, माझ्यापुढे सत्तरीचे एक गृहस्थ आणि कॉलेजातली एक मुलगी बोलत होती; ती त्यांना चेट्टा, म्हणजे दादा, म्हणत होती आणि ते तिला मोळे, म्हणजे पोरी.

“चेट्टा, सारखं डोळ्यांना पाणी का लावताय?”

“झोप येते, मोळे. बावीस वर्षं माझ्या मित्रासोबत, गंगाधरनसोबत येऊन मी इथे झोपलोय.”

“मग यायचंच कशाला?”

“तो यायचा म्हणून. परतताना बसमध्ये मला सगळी गोष्ट सांगायचा.”

“आज कुठेयत ते?”

“घरी. यंदा त्याची नजर गेली. आता गोष्ट मी सांगतो.”

“जमतं?”

“काल शेवटाला डोळा लागला. मग मनानंच रचून सांगितला.”

“ओळखलं त्यांनी?”

“ओळखलं असणार. म्हणाला, दमतोस रे, उद्या जाऊ नकोस.”

“तरी आलात.”

“बावीस वर्षं मी शेजारी घोरलो. येऊ नकोस, असं तो एकदाही म्हणाला नव्हता.”